आधी सुईण शोधा, मग दवाखाना

पत्र: नमस्कार. माझं सासर औशाचं, माहेर लातूर. वय २७. पहिलंच बाळंतपण, नववा आठवडा चालू आहे. मिस्टर वाळूजच्या कंपनीत होते, गेल्या वर्षीपासून जर्मनीत स्टुटगार्टजवळ बोब्लिंगेनला आहेत. माझा व्हिसा आलाय, तीन आठवड्यांनी विमान आहे. माझा रक्तगट ओ निगेटिव्ह, मिस्टरांचा बी पॉझिटिव्ह. थायरॉईडची ५० ची गोळी चालू आहे. जर्मन भाषा येत नाही. तिथे गेलेल्या ओळखीच्या मुली म्हणतात, डॉक्टर नवीन पेशंटच घेत नाहीत. आई म्हणते, सातव्या महिन्यात परत ये, पहिलं बाळंतपण माहेरीच. आणि तिथे सुईण बाळंतपण करते हे ऐकून सासूबाईंनी तर कपाळावर हात मारला. तपासायला पुरुष डॉक्टर असला तर काय करू? मिस्टर कामावर असताना काही झालं तर कोणाला फोन करू?
– अ. दे., औसा

उत्तर: ताई, सासूबाईंपासूनच सुरू करू, कारण तुमच्या सगळ्या प्रश्नांची किल्ली त्यांच्याच शंकेत आहे.

त्यांच्या डोळ्यांसमोर गावातली जुनी सुईण आहे. जर्मनीत सुईणीला 'हेबामं' म्हणतात आणि २०२० पासून ती व्हायला पदवी लागते. तिथला कायदा असा, की कोणत्याही बाळंतपणाला हेबामं हजर असलीच पाहिजे. साधी बाळंतीण ती एकटी सोडवू शकते. डॉक्टरला मात्र तिच्याशिवाय बाळंतपण करता येत नाही. गरोदरपणात ज्या डॉक्टरीणबाई तुम्हाला महिन्याला तपासतील, त्या बहुतेक करून बाळंतपणाला नसतात. दवाखान्यात त्या दिवशी ज्यांची ड्युटी, ते असतात. म्हणजे लातूरला आपण 'अमुक मॅडमकडे नाव घातलं' म्हणतो, तसं तिथे नसतं. आधीपासून ओळखीची आणि नंतर घरी येणारी अशी बाई एकच, ती म्हणजे तुमची हेबामं.

दवाखान्यातून साधं बाळंतपण असेल तर दोन-तीन दिवसांत, सिझर असेल तर तीन ते पाच दिवसांत घरी पाठवतात. मग पहिले दहा दिवस हेबामं रोज घरी येऊ शकते, गरज पडली तर दिवसातून दोनदा, आणि पुढे बारा आठवड्यांपर्यंत लागेल तशी. पैसे आरोग्य विमा भरतो. ती पिशवी किती आवळली ते पोटावर हात ठेवून बघते, टाके बघते, छातीत गाठ धरली का बघते, बाळाची नाळ बघते. बाळाला कापडाच्या झोळीत घालून ताणकाट्याला अडकवते आणि वजन वहीत लिहिते. पहिल्या दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच. दहा टक्क्यांच्या पुढे उतरायला लागलं, की दूध पुरत नाही हे तिला आकड्यावरून कळतं. तुमच्या माहेरच्या सव्वा महिन्यातलं निम्मं काम तिथे ही बाई करते.

अडचण एकच. स्टुटगार्टच्या आसपास सुईणी कमी आणि मागणी फार. विसाव्या आठवड्यात शोधायला लागलेल्या बायकांना हात चोळत बसावं लागतं. तुमचा नववा आठवडा आहे, म्हणून विमानात बसायच्या आधी, लातूरमधूनच शोध सुरू करा. 'आमेली' नावाचं सुईणींच्या संघटनेचं संकेतस्थळ आहे, आणि सरकारी विमा कंपन्यांच्या संघाचीही यादी आहे. दोन्हीत मिस्टरांच्या घराचा पाच आकडी पिनकोड टाकायचा. सुईण तिच्या ठरलेल्या परिसरातच फिरते, म्हणून पिनकोड चुकला की उत्तरच येत नाही. निरोप लांबलचक नको. बाळंतपणाची तारीख, पिनकोड, पहिलं बाळ, इंग्रजी चालेल का, आणि 'बाळंतपणानंतर घरी येऊन बघायला हवी' एवढ्या पाच गोष्टी. शेवटच्याला तिथे 'वोखेनबेट-बेट्रॉयुंग' म्हणतात, तो शब्द तसाच घाला. एकीला लिहून उत्तराची वाट बघत बसू नका. एकदम वीस-पंचवीस जणींना पाठवा. नकार येतील, ते मनाला लावून घेऊ नका. एकीनं हो म्हटलं की बाकीच्यांना 'मिळाली' म्हणून कळवा, त्यांची जागा दुसऱ्या कोणाला जाते.

आता विमा. मिस्टरांना विचारायचा पहिला प्रश्न: त्यांचा विमा सरकारी पद्धतीचा आहे की खासगी? सरकारी असेल, तर कमाई नसलेली बायको त्याच हप्त्यात येते, वेगळे पैसे लागत नाहीत. याला 'फामिलियनफेरझिशेरुंग' म्हणतात. फॉर्म त्यांनी आत्ताच मागवून ठेवावा. लग्नाचा दाखला, तुमचा पासपोर्ट आणि तिथल्या पत्त्याची नोंद लागते. पत्त्याची नोंद घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करावी लागते, पण तुम्ही पोचल्याच्या आठवड्यातच उरकून टाका, कारण पुढचं सगळं त्या कागदावर अडतं. विम्याचं कार्ड यायला काही आठवडे जातात. तोवर विमा कंपनीकडून 'एर्झात्सबेशाइनिगुंग' हा तात्पुरता कागद घ्यायचा. कार्ड नाही म्हणून तपासणी पुढे ढकलणाऱ्या मुली बऱ्याच असतात, त्याची काही गरज नाही.

खासगी विमा असेल तर मात्र थांबा. तिथे तुमच्या नावाची वेगळी पॉलिसी लागते आणि आधीच गरोदर असलेल्या बाईचा खर्च घेतील की नाही, हे कंपनीवर असतं. 'घेतो' असं लेखी उत्तर हातात आल्याशिवाय विमानात बसू नका. व्हिसासाठी काढलेल्या प्रवास विम्यावर अजिबात भिस्त ठेवू नका. तो अचानकच्या आजारपणासाठी असतो, दर महिन्याच्या तपासणीसाठी आणि बाळंतपणासाठी नसतो.

निघायच्या आधी लातूरमध्ये करून घ्यायची कामं. तुम्ही निघाल तेव्हा बारावा आठवडा असेल. अकरा ते चौदा आठवड्यांतली सोनोग्राफी इथेच करून जा, म्हणजे बाळाच्या लांबीवरून पक्की तारीख मिळते. तिथे पहिली सोनोग्राफी नवव्या ते बाराव्या आठवड्यात असते, तुम्ही पोचाल तोवर ती हुकलेली असेल. तुमच्या डॉक्टरांकडून एक पान इंग्रजीत, टाईप केलेलं, सहीशिक्क्याचं घ्या. त्यात शेवटच्या पाळीची तारीख, सोनोग्राफीवरून काढलेली तारीख, रक्तगट, अँटिबॉडीची तपासणी, हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी), आधीची आजारपणं आणि ऑपरेशनं, धनुर्वाताच्या इंजेक्शनांच्या तारखा. औषधांची नावं कंपनीची नकोत, मूळ औषधाची हवीत, मात्रेसकट. आपल्या दवाखान्यातलं हस्ताक्षर आपल्याच मेडिकलवाल्याला कळतं, तिथे कोण वाचणार? सोनोग्राफीच्या कागदाखाली 'गर्भलिंग सांगितलेलं नाही' असं छापलेलं असतं, ते बघून तिथल्या डॉक्टर बुचकळ्यात पडतात. विचारलं तर भारतातला कायदा आहे एवढं सांगा.

इथे बऱ्याच जणींना गर्भ टिकायला म्हणून प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या चालू असतात. तुम्हालाही असतील तर त्या का दिल्या आणि कधीपर्यंत घ्यायच्या, हे त्या पानावर लिहून घ्या. तिथल्या डॉक्टर कारण दिसलं नाही तर बंद करतात आणि आपल्या मुली घाबरून लपूनछपून गावाकडून मागवतात. तसं करू नका. स्वतःपुरती तीन महिन्यांची औषधं नेता येतात, मूळ पाकिटात आणि चिठ्ठीसह. थायरॉईडची गोळी तिथे 'एल-थायरॉक्सिन' नावाने मिळते, ५० मायक्रोग्रॅम म्हणजे तीच. गरोदरपणात तिची मात्रा बहुतेकींची वाढते, म्हणून टीएसएच चार-सहा आठवड्यांनी बघायला लावा. हार्मोनच्या डॉक्टरची वेळ मिळत नाही म्हणून अडून बसू नका, ते रक्त साधे फॅमिली डॉक्टरही काढतात. आणि ही गोळी उपाशीपोटी, लोहाच्या गोळीपासून चार तास लांब.

लोहाचं सांगायचं तर, आपल्याकडे सरकारी दवाखान्यात ६० मिलिग्रॅम लोहाची गोळी सगळ्यांना सरसकट देतात. तिथे रक्त तपासतात आणि हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं तरच देतात. तुम्ही शाकाहारी असाल तर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि बी-१२ बघा म्हणून स्वतः सांगावं लागेल. आयोडीनची गोळी मात्र तिथे सगळ्याच गरोदर बायकांना सुचवतात. तुम्हाला थायरॉईड आहे, तेव्हा ती विचारल्याशिवाय सुरू करू नका.

डॉक्टर नवीन पेशंट घेत नाहीत, हे खरं आहे, पण अर्धं खरं. बायकांच्या डॉक्टरकडे जायला तिथे चिठ्ठी लागत नाही, थेट फोन करायचा. फोन उचलणारी बाई 'नवीन पेशंट बंद' म्हणेल ते पहिल्या दहा सेकंदांत. त्याच्या आधी तुमचं वाक्य गेलं पाहिजे: 'इश बिन श्वांगर', मी गरोदर आहे. पुढे आठवडा सांगा आणि रक्तगट निगेटिव्ह आहे हेही सांगा. फोन सकाळी आठला करा. दुपारी बऱ्याच ठिकाणी यंत्रच बोलतं, आणि बुधवारी-शुक्रवारी दुपारनंतर पुष्कळ दवाखाने बंद असतात. 'डॉक्टोलिब' या ॲपवर वेळ, भाषा आणि बाई डॉक्टर हे तिन्ही निवडून शोधता येतं. चार ठिकाणी नकार आला, तर ११६११७ या नंबरवर सरकारी विम्याची वेळ लावून देणारी सेवा आहे. बायकांच्या डॉक्टरसाठी तिला वेगळी चिठ्ठी लागत नाही. ती देईल तो दवाखाना गावाबाहेर असू शकतो, पहिल्या वेळेला जाऊन या.

पुरुष डॉक्टरची चिंता असेल तर वेळ घेतानाच 'एर्त्स्टिन' म्हणजे बाई डॉक्टर हवी असं सांगा. यात कोणाला वावगं वाटत नाही. तुम्ही विचारलं नाही, पण खरी धास्ती वेगळ्याच गोष्टीची असते, ती सांगून टाकतो. आपल्याकडे चादर देतात. तिथे देत नाहीत. खोलीच्या कोपऱ्यात एक पडदा किंवा छोटी केबिन असते, तिथे कमरेखालचे कपडे काढायचे आणि तसंच चालत खुर्चीवर जाऊन बसायचं. सुरुवातीच्या महिन्यांत सोनोग्राफीही आतून करतात. पहिल्यांदा गेलेली मुलगी हे ऐकून गोंधळते. गुडघ्यापर्यंतचा सैल कुर्ता घालून जा. सलवार काढली तरी कुर्ता अंगावर राहतो, खुर्चीवर बसल्यावर वर सरकवायचा. घट्ट जीन्स आणि आखूड टॉप घातलात तर अडचण होईल. मिस्टरांना आत घ्यायचं की बाहेर बसवायचं, हेही तुमच्या हातात आहे. काही प्रश्न एकटीनेच विचारावेसे वाटतात. ते आधी मोबाईलवर लिहून, भाषांतर करून न्या. दुभाष्याचे पैसे विमा देत नाही, पण इंग्रजी बोलणाऱ्या डॉक्टर स्टुटगार्ट भागात सापडतात.

पहिल्या एक-दोन तपासण्यांत तुमच्या हातात एक छोटं निळं पुस्तक येईल, त्याला 'मुटरपास' म्हणतात. त्यात रक्तगट, प्रत्येक वेळचं वजन, रक्तदाब, लघवी, पिशवीची उंची, बाळाचे ठोके, सगळं येतं. एचआयव्हीची तपासणी झाली एवढंच लिहितात, निकाल लिहीत नाहीत, कारण पुस्तक कोणाच्याही हातात पडू शकतं. हे पुस्तक पर्समध्येच ठेवा, कपाटात नाही. रस्त्यात चक्कर आली आणि ॲम्ब्युलन्सवाल्यांना तुमची भाषा कळली नाही, तरी त्या पुस्तकावरून त्यांना तुमचं सगळं कळतं. तुमची निगेटिव्ह रक्तगटाची बाब त्यात ठळक लिहिली आहे ना, ते घरी येऊन तपासा.

या रक्तगटाचं जरा सविस्तर. बाळाचं रक्त पॉझिटिव्ह असेल आणि त्याचा अंश तुमच्या रक्तात मिसळला, तर तुमचं शरीर त्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतं. पहिल्या बाळाला बहुधा धक्का लागत नाही, पुढच्याला लागू शकतो. म्हणून २८ ते ३० आठवड्यांत अँटी-डीचं इंजेक्शन देतात, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत दुसरं. जर्मनीत आता तुमच्याच रक्ताच्या नमुन्यावरून बाळाचा रक्तगट बघता येतो आणि तो खर्च विमा देतो. बाळ निगेटिव्ह असेल तर इंजेक्शनची गरजच नाही. मधे कधी रक्तस्राव झाला किंवा पोटावर पडलात, तर त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन 'ऱ्हीसस निगेटिव्ह' हे शब्द बोला. सोमवारी बघू म्हणू नका.

तपासण्या तिथे चार आठवड्यांनी एकदा, शेवटचे दोन महिने दोन आठवड्यांनी. सोनोग्राफी विम्यात एकूण तीनच. आपल्याकडे दर वेळी करतात, म्हणून मुलींना वाटतं की दुर्लक्ष होतंय. दुर्लक्ष होत नसतं. डॉक्टर जास्तीची सोनोग्राफी, टोक्सोप्लाझ्मा या संसर्गाची तपासणी वगैरे पैसे भरून सुचवतील. त्याचा कागद सही करायच्या आधी 'हे विम्यात आहे का' एवढं विचारा, नाही म्हणायची मुभा असते. साखरेची तपासणी २४ ते २८ आठवड्यांत. आधी ५० ग्रॅम ग्लुकोज, उपाशी राहायची गरज नाही, तासाने रक्त. १३५ किंवा त्याहून वर आली तर वेगळ्या दिवशी उपाशीपोटी ७५ ग्रॅमची मोठी तपासणी. आपल्या लोकांत गरोदरपणातली साखर जास्त निघते. घरात आई-वडिलांना मधुमेह असेल तर आधीच सांगा, लवकर बघतील. डांग्या खोकल्याची लस २८ व्या आठवड्यानंतर सुचवतात, ती जरूर घ्या. बाळाचं पहिलं संरक्षण तीच.

एक नाजूक गोष्ट. अठरा ते बावीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत तिथल्या डॉक्टर हसत हसत विचारतील, 'काय आहे सांगू का?' तिथे ते सांगणं कायद्याने चालतं. आपल्याकडे १९९४ च्या कायद्यापासून बंद आहे, आणि का बंद आहे ते मराठवाड्याला सांगायला नको. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. तेव्हा टेबलावर पडायच्या आधीच तुम्ही दोघांनी ठरवा. जाणून घ्यायचं नसेल तर आत शिरतानाच सांगा, नाहीतर त्या बोलून मोकळ्या होतील. घेतलंच, तर ते औशाला फोनवर सांगायचं नाही. इकडून कोणी 'बघून घे गं' म्हणून मागे लागलं, तर 'तिथे सांगत नाहीत' हे उत्तर आम्हाला पूर्ण मान्य आहे.

आईचा प्रश्न. आमचं मत, बाळंतपण तिकडेच करा. त्याला कारणं आहेत. बहुतेक विमान कंपन्या २८ आठवड्यांनंतर डॉक्टरचं पत्र मागतात आणि ३६ नंतर घेत नाहीत, म्हणजे सातव्यात यावंच लागेल. जर्मन विमा भारतातला खर्च देत नाही. बाळ इथे झालं, तर त्याचा जन्मदाखला, पासपोर्ट आणि मग जर्मनीचा व्हिसा. त्यात महिने जातात आणि तितके दिवस मिस्टर बाळाला फोनवरच बघणार. शिवाय परदेशात सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिलं तर तिथला राहण्याचा परवाना रद्द होऊ शकतो, ब्लू कार्डवाल्यांच्या (उच्चशिक्षित नोकरदारांचा परवाना) कुटुंबाला ती मुदत बारा महिन्यांची असते. मिस्टरांचं कार्ड कोणतं ते विचारा. मात्र खासगी विम्याने हात वर केले, किंवा मिस्टरांची बदली होणार असेल, तर लातूरच बरं. त्यात कमीपणा काही नाही.

मग आईलाच तिकडे न्या. शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपच्या थोड्या मुदतीच्या व्हिसावर, १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. अर्ज सहा महिने आधी करता येतो, फी ९० युरो, आणि किमान ३० हजार युरोचा प्रवास विमा लागतो. आईला रक्तदाब-मधुमेह असेल तर तो विमा जुन्या आजाराला चालत नाही, म्हणून तिच्या गोळ्या पूर्ण तीन महिन्यांच्या बरोबर द्या. आई कधी यावी? तारखेच्या दोन आठवडे आधी. त्याहून फार लवकर बोलावली, तर वाट बघण्यातच दिवस संपतात आणि सव्वा महिना पुरा व्हायच्या आत तिला परतावं लागतं. कळा तारखेनंतरही दहा-दहा दिवस येत नाहीत, हे धरून हिशोब करा.

दवाखान्यात नाव नोंदवायचं ते साधारण तिसाव्या ते चौतिसाव्या आठवड्यात. त्याच भेटीत कळांच्या वेदना कमी करणाऱ्या कण्यातल्या इंजेक्शनबद्दल भूलतज्ज्ञाशी बोलून, इंग्रजी फॉर्म मागून, सही करून ठेवा. ते राहिलं तर कळा चालू असताना तुमच्यापुढे जर्मन छापील पानं येतात आणि त्या अवस्थेत कोण काय वाचणार! गरोदरपण आणि बाळंतपणाच्या मुक्कामाला, एरवी दवाखान्यात राहणाऱ्या पेशंटला द्यावे लागणारे, दिवसाचे १० युरो भरावे लागत नाहीत. कोणी मागितले तर विचारा. संध्याकाळचं जेवण म्हणजे गार ब्रेड आणि चीज. मिस्टरांनी घरून वरण-भात आणला तर कोणी हरकत घेत नाही.

लातूरहून एक कागद विसरू नका. जन्म झाला की आठवड्याभरात तिथल्या नोंदणी कार्यालयात कळवावं लागतं. त्यासाठी तुमच्या लग्नाचा आणि दोघांच्याही जन्माचा दाखला, शपथ घेतलेल्या भाषांतरकाराच्या जर्मन भाषांतरासह लागतो. आता आपल्याकडच्या जुन्या दाखल्यांवर मुलीच्या नावाची जागा कोरी असते, किंवा 'स्त्री' एवढंच लिहिलेलं. तुमचा तसा असेल तर नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत या तीन आठवड्यांत नाव घालून घ्या. तिथे गेल्यावर ते काम चुलत्याच्या मागे लागून करून घ्यावं लागतं. तिन्ही कागदांवरचं नाव पासपोर्टप्रमाणे, अक्षर न् अक्षर. पुढे बाळाची भारतीय नोंद आणि पासपोर्ट म्युनिकच्या भारतीय वाणिज्य दूतावासातून, वर्षाच्या आत.

कोणाला फोन करायचा? पाणी गेलं, रक्त गेलं, बाळाची हालचाल मंदावली, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर थेट बाळंतपणाच्या विभागाला फोन करा. त्याला 'क्राइसझाल' म्हणतात, तो चोवीस तास चालू असतो. जाता येत नसेल तर ॲम्ब्युलन्ससाठी ११२. रात्री ताप वगैरे असेल तर ११६११७. मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारू नका. ग्रुप हवाच, पण मेथी कुठे मिळते, पाळणा कोण देतंय, दवाखान्यात सोडायला गाडी कोणाकडे आहे, यासाठी. सोनोग्राफीचा फोटो टाकून 'हे नॉर्मल आहे का' विचारलं, की पन्नास उत्तरं येतात आणि त्यातलं एकही डॉक्टरचं नसतं. त्यातल्या जवळ राहणाऱ्या दोघी मात्र आधीच पक्क्या करून ठेवा. एक रात्री फोन उचलणारी, एक गाडी चालवणारी.

प्रत्येक मोठ्या गावात गरोदर बायकांसाठी सल्ला केंद्र असतं. 'प्रो फामिलिया', 'कारितास', 'डियाकोनी' यांची केंद्रं धर्म-देश न विचारता फुकट बोलतात, फॉर्म भरून देतात. पैशाची ओढाताण असेल तर मदतनिधीचा अर्जही तिथेच होतो, पण तो बाळ व्हायच्या आधी करावा लागतो. आणि हे तुम्ही विचारलेलं नाही, सगळ्याच वाचकांसाठी सांगतो: घरात मारहाण होत असेल तर ११६ ०१६ हा नंबर, चोवीस तास, फुकट, नाव न सांगता, इंग्रजीतही. 'नवऱ्याने ठरवलं तर माझा व्हिसा जाईल' या भीतीने बायका गप्प बसतात. तिथे एकत्र राहून तीन वर्षं झाली, की बायकोला स्वतःचा परवाना मिळू शकतो, आणि हिंसा असेल तर त्याच्या आधीही.

आईला दोन गोष्टी निघायच्या आधी सांगून ठेवा, नाहीतर तिची आणि हेबामंची रोज जुंपेल. तिथे बाळाला उताणं, स्वतःच्या झोपायच्या पिशवीत, टोपडं न घालता, साधारण १८ अंशांच्या खोलीत झोपवतात. वाकळ अंगावर नाही, उशी नाही. झोपेत श्वास कोंडू नये म्हणून हे आहे. मध आणि गुटी वर्षभर नको. मधातून बाळाला जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते. मालीश खुशाल करा, हेबामंलाही आवडते.

शेक-शेगडीचं मात्र कठीण आहे. झोपायच्या खोलीत छताला धुराचा गजर बसवलेला असतो. ओवा-बाळंतशेपाची धुरी घेतली की तो किंचाळायला लागतो, शेजारी दार वाजवतात, कोणी अग्निशमन दलाला फोन केला तर बिल येऊ शकतं. बंद खिडक्यांच्या घरात कोळशाची शेगडी तर नकोच, त्यातल्या विषारी वायूला वासही नसतो. शेकायला गरम पाण्याची पिशवी.

आणि बॅगेत काय? बाहेरून युरोपात येताना दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत, त्यामुळे घरचं साजूक तूप, पेढे, खवा विमानतळावरच जातं. डिंक, खारीक, सुंठ, भाजलेले अळीव, मेथ्या कोरड्या न्या, लाडू तिथे वळा. बिनमिठाचं लोणी २५० ग्रॅमच्या वड्यांत मिळतं, दोन वड्या कढवल्या की साधारण ४०० ग्रॅम तूप निघतं. कंटाळा आला तर 'बुटरश्माल्त्स' नावाचं तयार तूपही असतं, लाडवाला चालून जातं. आईचं तिकीट दुबई किंवा अबुधाबीमार्गे असेल तर लाडवातली खसखस अजिबात देऊ नका. त्या देशात खसखशीला बंदी आहे, आणि बाळंतिणीच्या आईने पोलिसांना डिंकाचा लाडू समजावून सांगायची वेळ येऊ नये.